गुलाबाआड पंधरा वर्षं

कुंदाबाईंच्या उजव्या हाताचा अंगठा सकाळी वाकत नाही. गरम पाण्यात बुडवावा, चोळावा, दोन शिव्या द्याव्यात, मग नऊच्या सुमारास तो कामाला लागतो. हाडांच्या डॉक्टरनं विचारलं, "काकू, शिवणकाम करत होत्या का?"

"नाई बाप्पा. बटन दाबत होती. पंधरा वर्षं."

डॉक्टर हसला. पोरसवदा होता, त्याला काय ठाऊक. त्याच्या आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या साडेतीनशे घरांची अब्रू एकेकाळी त्या अंगठ्यावर टांगलेली होती.

कुंदाबाईंचे यजमान रविकांत आधी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. त्र्याण्णव साली त्यांनी गच्चीवर मोठी डिश बसवली, गल्लीगल्लीतून काळी वायर ओढली आणि केबलचा धंदा सुरू केला. स्वयंपाकघराला लागून धान्याची खोली होती. तिच्यातल्या ज्वारीच्या कोठ्या माजघरात गेल्या आणि तिथं यंत्रं आली. यंत्रं तापतात म्हणून एक टेबलफॅन आणला, तो यंत्रांकडे तोंड करून. कुंदाबाई राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या होत्या. त्या पंख्याच्या मागे बसायच्या.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी तीन वाजता, एका परदेशी मालिकेत एका बाईनं एका माणसाच्या तोंडाला तोंड लावलं. डोळे मिटून, काही घाई न करता. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर होते. "रविकांतजी, आमच्या घरात सुना हायेत." सुना दुपारी तीन वाजता काय पाहत होत्या आणि त्यांच्या पाठीशी उभे राहून हेडमास्तर काय पाहत होते, हे कोणी विचारलं नाही.

तोवर असल्या वेळेसाठी वऱ्हाडातल्या घरोघरी एकच उपाय होता, पाणी. रविवारच्या सिनेमात नायक नायिकेच्या फार जवळ गेला की घरातला कर्ता पुरुष "जरा पानी घेतो" म्हणून उठायचा. माठावरचं झाकण वाजायचं, पेला वाजायचा, तो परत येईपर्यंत पडद्यावर झाडाची दोन फुलं एकमेकांवर आपटत असायची. पण परदेशी लोकांना फुलांचा धीर नव्हता. आणि दुपारभर माणूस किती पाणी पिणार?

रविकांतांनी तोडगा काढला. अंगणातल्या कुंडीतल्या गुलाबाचं लग्नाच्या कॅमेऱ्यानं अर्धा तास शूटिंग केलं, ती कॅसेट दुसऱ्या व्हीसीआरमध्ये फिरती ठेवली आणि मधे एक काळ्या बटनाची डबी बसवली. बटन दाबून धरलं की साडेतीनशे घरांत गुलाब. सोडलं की पुन्हा मालिका. आता धरायला माणूस हवा. रविकांतांना तर खांबांवर चढायचं असे. "तू घरीच असते न," ते म्हणाले. कुंदाबाईंच्या आयुष्यातली बरीचशी कामं याच वाक्यानं त्यांच्याकडे आली.

सुरुवातीला डबी फक्त चित्र बदलायची, आवाज तसाच जायचा. म्हणजे गुलाब वाऱ्यावर डोलतोय आणि मागून सुस्कारे. गुलाबाचीच बदनामी झाली. मग आवाजाचीही वायर जोडली. पण तोवर "गुलाब आला" हा शब्द वस्तीत रुळला होता. पोरं मोजायची, आज किती गुलाब. फोन यायचे. एखादी म्हातारी म्हणायची, "कुंदाबाई, आज गुलाब उशिरा आला व." तर एखादा तरुण आवाज, नाव न सांगता, "काकू, गुलाब जरा लवकर काढत जा न. पुढची ष्टोरी समजत नाई."

कामाची सवय होते. पुढे पुढे कुंदाबाईंना पडद्याकडे सारखं पाहायचीही गरज उरली नाही. आतल्या ओट्यावर भाकरी थापायच्या, डबी ओट्याच्या कडेला ओढून ठेवलेली. पियानो हळू झाला की समजावं. माणसानं चष्मा काढून टेबलावर ठेवला की नक्की. पिठाची बोटं वर धरून उजवा अंगठा बटनावर. मनात वीस आकडे मोजायचे, सोडायचं. अमेरिकन असेल तर पंधरा पुरायचे, दक्षिण अमेरिकेच्या मालिकांना तीस.

अमरावतीत एवढी चुंबनं पाहिलेली बाई दुसरी नसेल. कारण झाकायचं तर आधी बघावं लागतं, हे झाकायला सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आणि रविकांतांनी चाळीस वर्षांवर संसारात दिवा चालू असताना बायकोच्या गालाला हात लावला नाही. चांगला माणूस होता, अंधारातला माणूस होता. खोलीत असले आणि पियानो हळू झाला, की स्वतः बसवलेल्या बटनाकडे न बघता पाणी प्यायला उठायचे.

एकदाच चूक झाली. दुपारची वेळ, कुठल्याशा थंड देशातला सिनेमा. दोन पिकल्या केसांची माणसं, साठीची असतील, स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता थांबली आणि त्या माणसानं बाईच्या मानेवर ओठ टेकले. कुंदाबाई बघत राहिल्या. अंगठा बटनावर, पण दाबला गेला नाही. सगळंच्या सगळं साडेतीनशे घरांत गेलं. मग त्या फोनपाशी जाऊन बसल्या, शिव्या खायला. फोन वाजला नाही. हेडमास्तरांचासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर तीन बायकांनी त्यांच्याकडे पाहून नुसतं हसून घेतलं आणि मेथीच्या जुडीत तोंड खुपसलं.

आता पौर्णिमाचं सांगायला हवं, ते टाळून चालणार नाही.

पौर्णिमा शेजारच्या घरची पोर. कुंदाबाईंच्या थोरल्या मुलाच्या, किशोरच्याच वयाची. एकोणिसाव्या वर्षी तिला चांदूर बाजारला दिली. घर चांगलं, वावर चांगलं, नवरा दिसायला चांगला. आठ महिन्यांनी ती माहेरी आली आणि परत जायला तयार नव्हती. कारण सांगत नव्हती. आईला काहीतरी बोलली असावी, कारण आई म्हणाली, "असं बोलत नसतात, बाई." दुपारी ती कुंदाबाईंच्या यंत्रांच्या खोलीत येऊन बसायची. किशोर उंबरठ्यावर पुस्तक घेऊन बसलेला असे, बारावीला दुसऱ्यांदा बसायचं होतं त्याला. आपल्याच चॅनलवर रविकांतांनी हिंदी सिनेमा लावलेला. त्यात खलनायकानं एका मुलीला कोठारात कोंडलं. पुढचं सांगायला नको, त्या काळच्या दर तिसऱ्या सिनेमात ते होतं. पाच-पाच मिनिटं चालायचं, ढोल वाजवून. कुंदाबाई भाकरी थापत होत्या.

"काकू," पौर्णिमा म्हणाली, "इथं गुलाब काहून नाई टाकत तुमी?"

"इथं?" कुंदाबाईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "हे कथेतच हाय न, बाई. ते थोडी काही तसलं हाय."

"अच्छा," पौर्णिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं चांदूर बाजारला परत गेली. आजही तिथंच आहे. दोन मुलं झाली, आता सून आहे. कधी अमरावतीच्या बाजारात भेटली तर वाकून नमस्कार करते. काही विचारायची सोय राहिलेली नाही.

कुंदाबाईंना त्या दिवशी काही वाटलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. वाटायला वेळ लागला. पंधरा वर्षांत एकाही घरातून फोन आला नाही, की कुंदाबाई, त्या बाईला मारत होते तिथं गुलाब टाका. सासू सुनेचे केस धरून ओढते, टाका. कोणी नाही. थोबाडीत मारणं दुपारी एकपासून रात्री दहापर्यंत, विनागुलाब.

मग मोठ्या कंपन्यांचे सेट-टॉप बॉक्स आले, घरोघरी शंभर चॅनल आले, कोणाच्या अंगठ्याला किती झाकता येणार? धंदा बसला. डिश गच्चीवर आडवी पडली आणि कुंदाबाई तिच्यावर कुरडया वाळवायला लागल्या. जाळीची असल्यानं वारा खालूनही लागतो, चांगल्या वाळतात. तीन वर्षांपूर्वी रविकांत गेले. कुंदाबाई आता अमरावतीत एकट्याच राहतात. मोठा किशोर अकोल्याला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. धाकटा सौमित्र जर्मनीत.

कुंदाबाई जर्मनीला तीन महिने जाऊन आल्या. तिथं संध्याकाळी सातला, सगळे जेवत असताना, टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत एक बाई आंघोळ करत होती, म्हणजे खरीच करत होती. सौमित्रची आठ वर्षांची मुलगी आचल बटाटा खात राहिली. कोणी वर पाहिलं नाही. कुंदाबाईंचा अंगठा मात्र ताटाखाली हलला. त्याच आठवड्यात शेजारची जर्मन बाई चहाला आली होती. टीव्हीवर दोन माणसं पिस्तुलं घेऊन एकमेकांच्या मागे धावायला लागली तशी ती ताडकन उठली आणि टीव्ही बंद केला. पोरगी बसलीय, म्हणाली. कुंदाबाईंना सौमित्रनं भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. इकडे किशोरची बायको वर्षाली तुर्कस्तानच्या मालिका पाहते, हिंदीत बोलणाऱ्या. त्यात दारूचा पेला धुरकट केलेला असतो आणि थोबाडीत मारलेली स्वच्छ दिसते. कोरियाच्या मालिकेत बाराव्या भागात हात धरतात. आपल्याकडे सिगारेट पेटली की कोपऱ्यात इशारा उमटतो, काडी पेटवून सून जाळली तर नाही. ज्याच्या त्याच्या देशाचा आपापला गुलाब, दुसरं काय. हेडमास्तर मात्र सगळीकडे असतात.

असो. गोष्ट या भाद्रपदातली आहे.

किशोरचा फोन आला. "आई, महालक्ष्म्यांले तू येशीनच. पन दोन दिवस आधी ये."

"काहून? वर्षालीचं फराळाचं राह्यलं का?"

"नाई. ते स्वरालीचं आलं न आता. मालिका. मोबाइलवरची."

स्वराली किशोरची मुलगी, तेवीस वर्षांची. अमरावतीला आजीकडे राहून नाट्यशास्त्र शिकली, दोन वर्षांपासून मुंबईत धडपडत होती. आठ भागांच्या एका मालिकेत तिला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं.

"पाहिली का तू?"

"मी नाई पाहिली. कॉलेजातल्या पोरांनी पाहिली. मांगच्या बाकावर हसून राहिले होते. मले समजलं काहून हसून राहिले ते." मग आवाज खाली आणून, "तू पाह्य आधी. तुले समजते त्यातलं. तू सांग, मंग ठरवू."

"काय ठरवू?"

"तिनं महालक्ष्म्यांले घरी यावं का नाई ते. मूर्तिजापूरचे येऊन राहिले, नागपूरचे येऊन राहिले. चाळीस पान हाय. मले घरात तमाशा नाई पाह्यजे. तिले मी सांगितलं, आजी पाह्यते तोवर तिकीट नको काढू."

कुंदाबाईंनी फोन ठेवला. सत्तराव्या वर्षी पुन्हा बटन हातात आलं. आणि या वेळी बटनाखाली परकी बाई नव्हती, नात होती. जेवायला बसावं तर भूक नव्हती. पोरीला लहानपणी ताप आला की ती त्यांच्याच मांडीवर झोपायची. महालक्ष्म्यांच्या दिवशी लेकीबाळी घरी येतात, आणि हिनं मुंबईत खोलीवर बसून राहायचं, कारण आजी काय सांगते ते अजून कळलेलं नाही. बडनेऱ्याला गाडीत बसल्या तेव्हा शेजारची पोरगी मोबाइलवर काहीतरी पाहत होती, तिच्या पडद्याकडे नजर गेली तर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. पुरे झालं बघणं.

अकोल्याला, गोरक्षण रोडच्या घरी, किशोर कॉलेजला गेलेला. वर्षाली करंज्यांचं पीठ मळत होती. सासूच्या पाया पडली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "आई, मी पाहिली. आठही भाग. किचनमधी, कानात घालून. त्याइले सांगू नका."

"कशी केली पोरीनं?"

वर्षालीनं कोपरानं डोळे पुसले. हात पिठाचे होते. "तुमीच पाहा."

जेवण झाल्यावर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तिनं मालिका लावून दिली, रिमोट सासूच्या हातात दिला आणि परात घेऊन खाली बसली. दोघी पाहायला लागल्या. एका तालुक्याच्या गावची मुलगी, लवकर लग्न लावलेली. दुसऱ्या भागात पहिली रात्र. कुंदाबाईंनी रिमोट घट्ट धरला. पण तिथं पियानो नव्हता, काहीच वाजत नव्हतं. कपडे होते तसे. सगळा वेळ पडद्यावर फक्त स्वरालीचा चेहरा. ती "नको" म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा हळू. मग बोललीच नाही. छताच्या पंख्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, दिवा काढून नेल्यासारखं.

वर्षालीचं लाटणं थांबलं होतं. कुंदाबाईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. नातीचा म्हणून नाही. यंत्रांच्या खोलीत, पंख्याच्या मागे, "अच्छा" म्हणाली होती, तिचा.

मग ती मुलगी घर सोडते, दुसऱ्या गावी झेरॉक्सच्या दुकानात काम करते, असं बरंच काही. सहाव्या भागात गच्ची आली. ओल्या चादरी वाळत घातलेल्या. एक साधासा माणूस, दुकानातली मशीन दुरुस्त करायला येणारा, तिला चादरीची दोन टोकं धरू लागतो. ती हसते. चादर सोडून देते, त्याचे दोन्ही कान धरते...

पियानो हळू झाला.

अंगठा दाबला गेला. कुंदाबाईंनी दाबला नाही, तो आपला दाबला गेला, सकाळी न वाकणारा अंगठा.

जुनं बटन झाकायचं. हे बटन थांबवतं. पडद्यावर स्वराली जिथल्या तिथं थिजली. डोळे मिटलेले, नाक जरा चेपलेलं, त्या माणसाचे कान हातात, ओठ ओठांवर. भिंतभर.

"अग बाई," वर्षाली म्हणाली. तिचे हात पिठात कोपरापर्यंत.

कुंदाबाईंनी दुसरं बटन दाबलं. आवाजाची पट्टी आली. तिसरं दाबलं, भाषांची यादी उघडली: हिंदी, तामिळ, तेलुगू. स्वराली तशीच. एवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि किशोर केळीच्या पानांची चळत खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला.

पानांतून पाणी ठिबकत होतं.

"आई, हे काय हाय?"

"तुही पोरगी."

"बंद कर ते."

"तेच करून राहिली होती. या रिमोटनं उलटंच केलं."

वर्षालीनं पदराला हात पुसत येऊन टीव्ही बंद केला. किशोरनं पानं टाकली आणि खिशातून फोन काढला. "पोरं हसून राहिले होते ते खरंच हाय म्हनजे. सांगून टाकतो तिले. नको येऊ."

"बस," कुंदाबाई म्हणाल्या.

"आई, तू मधात..."

"मले पाहाले कोनं बोलावलं? तू बोलावलं न? मंग मी सांगीन ते ऐकाचं. फोन ठेव. दुसरा भाग लाव, वर्षाली."

किशोर बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा मास्तर, पण आईनं त्या आवाजात "बस" म्हटलं की बसायचा. दुसरा भाग लागला. त्यानं तो उत्तरपत्रिका तपासावी तसा पाहिला, चष्मा नाकावर ओढून, मान न हलवता. पहिलं "नको" झालं, दुसरं झालं. पंखा फिरला. पाच मिनिटं तो जागचा हलला नाही.

"हे ठीक हाय," तो शेवटी म्हणाला. "यात काई दिसत नाई. हे तर कथेतच हाय न."

कुंदाबाईंचंच वाक्य, जसंच्या तसं. उंबरठ्यावर पुस्तक घेऊन बसलेला पोरगा. त्या वेळी वाटलं होतं, भौतिकशास्त्र वाचतोय.

"सहावा लाव," त्या एवढंच म्हणाल्या.

गच्ची आली. चादरी आल्या. स्वराली हसली. पियानो हळू झाला, आणि किशोर गुडघ्यावर हात टेकून उठला. "जरा पानी घेतो."

हुबेहूब बाप. माठाचं झाकण वाजलं, पेला वाजला.

"किशोर," कुंदाबाईंनी आतल्या दिशेनं हाक मारली. "मघाशी ती काय म्हनत होती?"

"कोन?"

"तुही पोरगी. दुसऱ्या भागात."

"नको म्हनत होती."

"कितीदा?"

"...दोनदा."

"तवा तहान नाई लागली तुले? बसून राह्यला. आन इथं ती हासून राहिली, तिच्या मनानं, तर उठला."

किशोर दारात आला, पेला हातात तसाच. चेहरा लाल झालेला. "तू मले शिकवून राहिली, आई? आमच्या गल्लीत झाकाचं काम कोनं केलं? तूच केलं न! पंधरा वर्षं तूच..."

"हो. मीच केलं. म्हनून तर सांगून राहिली. दुसऱ्या कोनाले सांगाले ठाऊक नाई."

वर्षालीनं टीव्ही बंद केला. कुंदाबाईंना फार थकवा आला. सोफ्याला पाठ टेकली, चष्मा काढला. मास्तराशी वाद घालायची ताकद आता नव्हती आणि हौस तर त्याहून नव्हती. पौर्णिमाचं सांगावं असं क्षणभर आलं मनात. पण ते सांगितलं की त्याचं उदाहरण होतं, आणि मग पोरगी पुन्हा एकदा कोणाच्या तरी कामाला लागते. नाही सांगितलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "महालक्ष्म्यांचे मुखवटे माह्या सासूचे हायेत. तुह्याकडे जागा मोठी म्हनून इथं ठेवले. स्वराली येत नसंन तर मी उद्याच्या गाडीनं ते घेऊन अमरावतीले जाते. तिथं बसवते. पाच सवाष्नी मिळतीन मले. चाळीस पान तू वाढ मंग, कोनापुढं वाढाचं ते वाढ."

"काई बोलते, आई."

"आंबील वर्षालीले येते. बाकी तुमचं तुमी पाहा."

"आन लोक? मामासाहेब हायेत, नागपूरचे काका हायेत. कोनी काढला विषय तर?"

"पानी प्याले उठतीन. माठ भरून ठेव."

वर्षालीच्या तोंडून फस्सकन हसू निघालं आणि तिनं ते करंजीत दाबलं. किशोरनं तिच्याकडे पाहिलं. मग बंद टीव्हीकडे पाहिलं. त्यात आता त्याचंच प्रतिबिंब दिसत होतं, पेला घेतलेलं.

"मले नाई पटलं," तो म्हणाला. "तू बोल तिच्याशी. मी नाई बोलत." आणि आत गेला.

कुंदाबाईंनी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. पोरगी फोन हातात घेऊनच बसली असावी.

"आजी? पाहिलं?"

"पाहिलं."

"बटन दाबलं असशील मधात."

"दाबलं."

"कुठं?"

"गच्चीवर. मंग तू अडकली भिंतीवर. तुह्या बापानं डोळे भरून पाहिलं तुले."

"आजी!" ती ओरडली. मग हळूच, "आन दुसऱ्या भागात?"

"तिथं नाई दाबलं."

नाक ओढल्याचा आवाज आला. "मले वाटलं होतं, तिथं दाबशील. बाबांनी ते पाहिलं?"

"दोनी पाहिलं."

"काय म्हटले?"

"मांगून पानी प्याले."

पलीकडून हसणं आलं, आणि हसता हसता ते फाटलं. कुंदाबाईंनी तिला रडू दिलं. घाई नव्हती. मनात वीस आकडेही मोजले नाहीत.

"तिकीट काढ," त्या मग म्हणाल्या. "परवा सकाळी इथं पाह्यजे तू. सोळा भाज्या निवडाच्या हायेत, हात लागतीन. आन ते केस पिंजारून येऊ नको, महालक्ष्म्या भितीन."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. किशोर तिथूनच, तोंड न दाखवता, मोठ्यानं म्हणाला, "तिले सांग, गाडीत झोपून नको राहू. मांगच्या वेळेस अकोला गेलं न मूर्तिजापूरले उतरली होती."

"ऐकलं का?" कुंदाबाईंनी विचारलं.

"ऐकलं," स्वराली म्हणाली.

त्यांनी फोन वर्षालीच्या कानाला लावून दिला, कारण तिचे हात पुन्हा पिठात होते, आणि तसाच धरून उभ्या राहिल्या. अंगठा ठणकत होता.